मासेमारीचा परवाना आणि मच्छीमार नोंदणी: सातारा-सांगलीत कागद कुठून काढायचे, कधी नवे करायचे

कृष्णा, कोयना, वारणा, येरळा, माणगंगा, त्यांच्यावरची धरणं, दुष्काळी पट्ट्यातले पाझर तलाव आणि आता गावोगावची शेततळी. सातारा-सांगलीत मासे धरायला आणि वाढवायला पाणी आहे, पण या सगळ्या पाण्याला चालेल असा एकच परवाना नाही. सेवा केंद्रात जाऊन ‘मासेमारीचं लायसन काढून द्या’ म्हटलं की काम अडतं ते इथंच. जाळं किंवा गळ ज्या पाण्यात टाकायचा, त्या पाण्यातल्या मासळीवर हक्क कोणाचा आहे, यावरून कागद ठरतो. केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन मिळणारं नोंदणी प्रमाणपत्र तुम्ही मच्छीमार किंवा मत्स्यशेतकरी आहात एवढंच सांगतं. ते खिशात आहे म्हणून धोमच्या जलाशयात जाळं टाकता येत नाही. हा फरक न कळल्यामुळे पैसे आणि जाळी, दोन्ही गमावणारे बरेच आहेत. म्हणून आधी पाणी, मग पोर्टल.

पाणी कोणाचं आहे?

धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, शिराळ्याचा मोरणा, तासगावचा सिद्धेवाडी, जतचे संख आणि दोड्डा नाला यांसारख्या जलाशयांचं पाणी आणि भिंत जलसंपदा विभागाकडे असते, मासेमारीचा कारभार मात्र मत्स्यव्यवसाय विभाग पाहतो. असे जलाशय विभाग ठेक्याने देतो. ठेका साधारणपणे पाच वर्षांचा असतो आणि तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ठेका चालू असेपर्यंत त्या तलावातली मासळी संस्थेची. तिथे बीज सोडलेलं असतं, त्याचे पैसे संस्थेने भरलेले असतात. त्यामुळे सभासद संस्थेच्या परवानगीने जाळं टाकतो, आणि हौशी गळवाल्यानेसुद्धा संस्थेलाच विचारायचं असतं. ‘गळानं चार मासे धरले तर काय होतंय’ हे म्हणणं तिथे टिकत नाही.

संस्थेची परवानगी तोंडी घेऊ नका. पावतीवर संस्थेचं नाव, तलावाचं नाव, तारीख किंवा मुदत, गळ की जाळं, आणि शिक्का-सही असायला हवी. त्याआधी एक गोष्ट पडताळा: संस्थेचा ठेका आजच्या तारखेला चालू आहे का? ठेक्याचा आदेश किंवा करारनामा पाहायला मागा, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. ठेका संपला आहे, नवा मिळालेला नाही, आणि तरी कोणीतरी काठावर बसून पैसे गोळा करतंय, असं घडतं. त्या पावतीला काही किंमत नसते. शंका असेल तर जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात तलावाचं नाव सांगून चौकशी करा.

पाझर तलाव आणि गावतळी जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असतात. त्यांचा लिलाव किंवा ठेका तिथून होतो. त्याची माहिती ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे मिळते. ठराव झाला आहे का, रक्कम कोणाच्या नावे भरली आणि मुदत किती, एवढं विचारून घ्या.

वाहत्या नदीत भोई आणि कोळी समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आली आहेत. तरी नदीचा एखादा पट्टा, डोह किंवा बंधाऱ्याचा फुगवटा ठेक्यात किंवा अधिसूचित क्षेत्रात असू शकतो. नव्या ठिकाणी जाळं लावण्याआधी हे सहाय्यक आयुक्त कार्यालयात विचारून घेणं शहाणपणाचं.

कोयनेचा शिवसागर आणि वारणेचा चांदोली जलाशय यांची गोष्ट वेगळी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागतो आणि शब्द वन विभागाचा चालतो. मत्स्य विभागाचा कागद किंवा संस्थेची पावती तिथे उपयोगाची नाही. धरणाच्या भिंतीजवळ तर सुरक्षेचा प्रतिबंधित पट्टा असतो, तो सगळ्याच मोठ्या धरणांना लागू आहे. कासचा तलाव सातारा शहराच्या पिण्याचा आहे. तिकडे गळ घेऊन जायचा विचारही नको.

स्वतःच्या शेततळ्यात मासे वाढवून काढायला मासेमारीचा परवाना लागत नाही. तिथे लागते ती मत्स्यशेतकरी म्हणून नोंदणी, कारण विमा, कर्ज आणि अनुदानाची कामं त्यावर पुढे सरकतात. एक बंधन मात्र पाळा: थाई मांगूर म्हणून विकला जाणारा परदेशी मांगूर देशात बंदी असलेला मासा आहे. त्याचं बीज कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. तळं नष्ट करण्याची कारवाई होते आणि भरपाई मिळत नाही. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांचं बीज पावतीसकट घ्या. ती पावती पुढे विम्याला आणि बँकेला दाखवावी लागते.

परवाना असला तरी जे चालत नाही

भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ पासून स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा आहे, आणि महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० मध्येही तेच. जिलेटिनची कांडी, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक यात सगळं येतं. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणं हा त्याहून घातक प्रकार आहे. त्यात माणसं मेली आहेत, आणि एका फेरीत त्या डोहातली बोटभर पिल्लंही संपतात. पुढची दोन वर्षं त्या डोहात जाळं रिकामंच येतं. पावसाच्या सुरुवातीला अंडी भरलेली मासळी धारेला चढते, तेव्हा बंधाऱ्याच्या सांडव्यावर आडवं जाळं लावू नका.

कृष्णेत भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात मगरी आहेत. मगर हा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. जाळ्यात अडकली तर तिला इजा न करता वन विभागाला कळवायचं. संध्याकाळनंतर या पट्ट्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळं ओढू नका. दुसरी सावधगिरी पाण्याच्या पातळीची. कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही जनित्रं चालू झाली की २१०० क्युसेक पाणी नदीत येतं. कराडच्या वर आकाश कोरडं असतानाही पात्र वाढतं आणि रात्रभर लावलेलं जाळं वाहून जातं. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी रोज बघा: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका.

ऑनलाइन नोंदणी: केंद्राचं मत्स्य पोर्टल

नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म, बोलीभाषेत एनएफडीपी, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. तो प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सहयोजनेचा भाग आहे. मच्छीमार, मत्स्यशेतकरी, मासळी विक्रेते, या धंद्यातले मजूर, तसंच संस्था आणि कंपन्या अशा सगळ्यांना तिथे नोंदणी करता येते. स्वतः नोंदणी केली तर शुल्क नाही. पत्ता टाइप करताना एनएफडीपी डॉट डीओएफ डॉट जीओव्ही डॉट इन एवढाच टाका. गूगलवर शोधून पहिल्या दिसेल त्या लिंकवर जाऊ नका. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर ते पान बंद करा.

बसण्याआधी हे जवळ ठेवा: आधार, आधारला जोडलेला मोबाइल (चालू आणि रेंजमध्ये), बँक पासबुकचं पहिलं पान, तळं असेल तर सातबारा, ठेक्याचं पाणी असेल तर ठेक्याचा आदेश, आणि संस्थेचे सभासद असाल तर संस्थेचं नाव व नोंदणी क्रमांक. निम्म्याहून जास्त अर्ज मोबाइलवरच अडतात. जुना नंबर बंद झालेला असतो, ओटीपी त्याच्यावर जातो, आणि माणूस साइटला दोष देतो. आधारचा नंबर आधी आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. बदल नोंदला गेला की मगच पोर्टल उघडा.

पोर्टलवर नोंदणीचा पर्याय निवडला की आधी तुम्ही व्यक्ती की संस्था हे ठरवावं लागतं. इथे घाई नको. संस्थेचा चेअरमन स्वतःच्या नावाने व्यक्ती म्हणून नोंदणी करतो आणि मग संस्थेची नोंदणी झाली असं धरून चालतो. तसं होत नाही. संस्थेची नोंदणी वेगळी, प्रत्येक सभासदाची वेगळी. नंतर मोबाइलवर ओटीपी येतो, आधारची पडताळणी होते, आणि नाव, जन्मतारीख, पत्ता आधारवरून येतो. आधारवर जसं नाव आहे तसंच राहणार. बँकेत ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ असा क्रम आणि आधारवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ असा क्रम असला तर सहसा चालतं, पण एकीकडे ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’ असेल तर पैसे येण्याच्या वेळी खातं नाकारलं जातं. तेव्हा नाव आधी बँकेत दुरुस्त करा.

तालुका निवडताना लोक चुकतात, कारण यादीत तालुक्याचं नाव असतं, मुख्यालयाचं नाही. दहिवडीवाल्याने माण शोधायचं, वडूजवाल्याने खटाव, मेढ्याच्या माणसाने जावळी (इंग्रजी स्पेलिंग जे, ए, ओ, एल, आय असं दिसेल), विट्याच्या माणसाने खानापूर आणि इस्लामपूरच्या, म्हणजे आताच्या ईश्वरपूरच्या माणसाने वाळवा. गावाच्या नावांत बुद्रुक-खुर्द नीट पाहा. चुकीचं गाव निवडलं तर पुढे पडताळणीला तुमचं तळं त्या गावात सापडत नाही.

व्यवसायाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. नदीत किंवा ठेक्याच्या तलावात मासे धरणारा हा अंतर्गत पाण्यातला मच्छीमार; तळ्यात बीज सोडून वाढवणारा मत्स्यशेतकरी; बाजारात बसणारा विक्रेता. दोन्ही कामं करत असाल तर दोन्ही दाखवा, पण न करणारं काम केवळ योजना मिळेल म्हणून लिहू नका. सागरी मच्छीमार हा पर्याय चुकून निवडला की नौकेची माहिती मागितली जाते आणि अर्ज तिथेच थांबतो.

तळ्याचं क्षेत्र भरताना जलक्षेत्र भरायचं असतं, सातबाऱ्यावरचं गटाचं एकूण क्षेत्र नाही. तीस बाय तीस मीटरचं शेततळं म्हणजे ९०० चौरस मीटर, अर्थात ०.०९ हेक्टर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर, म्हणून हे तळं नऊ गुंठ्यांच्या आसपास बसतं. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एक एकर म्हणजे ०.४०५ हेक्टर. गटाचं दीड हेक्टर क्षेत्र जलक्षेत्राच्या रकान्यात टाकलं तर आकडा फुगतो आणि विम्याच्या पाहणीत अर्ज फेटाळला जातो. हे क्षेत्र नेमकं लागतं त्याचं कारण पैशाचं आहे: मत्स्यशेतीच्या विम्यासाठी या सहयोजनेत एकदाच मिळणारं प्रोत्साहन हप्त्याच्या ४० टक्के, हेक्टरी जास्तीत जास्त २५,००० रुपये, आणि एका शेतकऱ्याला १ लाखापर्यंत असतं. अनुसूचित जाती, जमाती आणि महिला शेतकऱ्यांना त्यावर आणखी १० टक्के. नऊ गुंठ्यांच्या तळ्याला त्या हिशेबाने कमाल २,२५० रुपये बसतात. विमा घ्यायचा की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवा.

शेवटी सगळं एकदा वाचून अर्ज सादर करा आणि प्रमाणपत्र पीडीएफ म्हणून उतरवून घ्या. मोबाइलमध्ये, ईमेलमध्ये आणि कागदावर, अशा तीन ठिकाणी ठेवा. नोंदणी क्रमांक आणि कोणत्या मोबाइलवरून नोंदणी केली ते पासबुकच्या मागे लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी शोधाशोध होत नाही. स्वतः जमत नसेल तर सीएससी केंद्रात जा, पण ओटीपी स्वतः वाचून सांगा आणि बँक खात्याचा आकडा पडद्यावर स्वतः तपासा. केंद्रचालकाचा मोबाइल नंबर तुमच्या नावावर कधीही टाकू देऊ नका. पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाईल.

राज्याची बाजू: आपले सरकार आणि लेखी अर्ज

राज्याच्या सेवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर असतात. नवीन खातं उघडून मोबाइल पडताळा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा चढवा, मग विभागांच्या यादीत मत्स्यव्यवसाय निवडा. तुमच्या पाण्याला लागू पडणारी सेवा तिथे दिसली तर अर्ज, कागदपत्रं, शुल्क आणि शेवटी अर्ज क्रमांक, असा क्रम असतो. फोटो आणि कागदांना किती केबीची मर्यादा आहे ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. मोबाइलने काढलेला फोटो तसाच चढवला तर तो बहुतेक वेळा मोठा पडतो आणि अर्ज पुढे जात नाही. आधी आकार कमी करा, पण सातबाऱ्यावरचे आकडे वाचता येतील इतपतच.

यादीत सेवा नसेल तर सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नावे साधा अर्ज चालतो. त्यात तलावाचं किंवा नदीच्या पट्ट्याचं नाव, गाव, तालुका, तुमचं साधन (गळ, पाग, लावायचं जाळं, होडी), किती काळासाठी परवानगी हवी आणि हा व्यवसाय आहे की हौस, एवढं स्पष्ट लिहा. आधारची प्रत, संस्थेचं सभासदपत्र असेल तर ते, आणि केंद्राच्या नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. हा शिक्का नसेल तर महिन्याभराने विचारायला गेल्यावर ‘अर्ज मिळालाच नाही’ हे ऐकावं लागतं.

सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर तिला ठरलेले दिवस असतात. मुदत उलटली किंवा कारण न देता नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. अपील त्याच पोर्टलवरून करता येतं, अर्ज क्रमांक तेवढा जवळ हवा.

पोटापाण्यासाठी मासेमारी करायची असेल तर आमचा सल्ला संस्थेचं सभासदत्व आधी घेण्याचा आहे. ठेक्याचा तलाव एकट्याला मिळणं अवघड, आणि सभासद असल्याचा कागद बँकेपासून विम्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो. नवी संस्था काढायची तर तिची नोंदणी सहकारी संस्था अधिनियमाखाली, सहाय्यक निबंधक (पदुम, म्हणजे पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि मत्स्यव्यवसाय) यांच्या कार्यालयातून होते.

नूतनीकरण: कशाची मुदत कधी संपते

संस्थेचा ठेका पाच वर्षांचा असला तरी ठेक्याची रक्कम मुदतीत भरावी लागते. हप्ता चुकला तर ठेका धोक्यात येतो आणि मग सभासदांच्या परवानग्याही. नवा ठेका मागायच्या वेळी संस्थेचं लेखापरीक्षण अद्ययावत लागतं. आर्थिक वर्षाचं लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत, ही दोन कामं थकली की ठेक्याच्या अर्जावर हरकत निघते. सभासदाने दरवर्षी सभेला जाऊन हे दोन प्रश्न विचारावेत. तो त्याचा हक्क आहे. हौशी गळवाल्याची पावती तिच्यावरच्या तारखेपुरतीच, ती वाढवायची तर नवी पावती.

केंद्राच्या पोर्टलवरची नोंदणी एकदा झाली म्हणून विसरू नका. मोबाइल बदलला, बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला, दुसरं तळं खोदलं किंवा ठेका संपला, तर माहिती लगेच दुरुस्त करा. जुन्या आयएफएससीवर पाठवलेले पैसे परत जातात आणि पुन्हा यायला महिने लागतात.

मच्छीमारांचा गट अपघात विमा १८ ते ७० वयाच्या मच्छीमारांसाठी आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः अपंगत्वाला २.५ लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५,००० रुपयांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, मच्छीमाराला काही भरावं लागत नाही. पॉलिसी वर्षाची असते, म्हणून यंदाच्या यादीत आपलं नाव आहे का, हे दरवर्षी संस्थेत किंवा मत्स्य कार्यालयात विचारावं. अपघातानंतर यादी बघून उपयोग होत नाही.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही मिळतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा दिला आहे. बँक अधिकारी ‘हे शेतीत येत नाही’ म्हणाला तर हे दोन्ही मुद्दे लेखी अर्जात मांडा. तळ्याचा सातबारा किंवा ठेक्याचा करार आणि मासेमारीची परवानगी बँक मागते, म्हणजे वर सांगितलेले कागद इथे पुन्हा लागतात. २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. व्याज ७ टक्के, आणि वेळेत फेडलं तर ३ टक्क्यांची सवलत मिळून ४ टक्के पडतं. फेडीची तारीख मासळी काढण्याच्या हंगामानंतर येईल अशी पहिल्याच वेळी ठरवून घ्या. जूनमध्ये बीज सोडलेल्या तळ्यातून मार्चआधी पैसा येत नाही, आणि जानेवारीत फेड ठरली असेल तर ती सवलत हातची जाते.